दहा मीटरवरून

"ऐदु," त्रिविक्रम अण्णा ओरडले आणि सिद्धी चेंडूपासून दोन पावलं मागे सरकली.

अण्णांची शिकवण्याची पद्धतच अशी. गोलपासून दहा मीटरवर चेंडू ठेवायचा. मारणाऱ्या मुलीभोवती बाकीच्यांनी कोंडाळं करून कानठळ्या बसतील इतका आरडाओरडा करायचा आणि अण्णांनी कन्नडमध्ये पाचापासून उलटं मोजायचं. शेवटचा आकडा येईपर्यंत फटका मारला नाही, तर तो बाद. सामन्यात घाबरायचंच आहे, तर आधी इथे घाबरून घ्या, असं त्यांचं म्हणणं. इंदिरानगरच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये अकरा वर्षं मुली शिस्तीत घाबरत होत्या आणि अण्णा खूश होते.

सिद्धीची भीती मात्र निराळी होती. गोल चुकण्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिला भीती वाटत होती ती गोलमध्ये उभ्या असलेल्या आसावरीची. दीड महिन्यापूर्वी सिद्धीच्याच फटक्यानं आसावरीचं बोट मोडलं होतं. फुटसालचा चेंडू जड असतो आणि आसावरीला हातमोजे घालायला आवडत नाहीत. 'कट्' असा तो आवाज सिद्धीला अजून जेवतानासुद्धा ऐकू यायचा. आज आसावरी पहिल्यांदाच परत आली होती, ते बोट शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधून. हिच्या बोटाला पुन्हा लागलं तर खेळ सोडायचा, असं सिद्धी घरूनच ठरवून निघाली होती.

"मूरु. एरडु."

त्या पट्टीपासून चेंडू लांब गेला पाहिजे, एवढंच सिद्धीच्या डोक्यात होतं. पट्टीवरची नजर न काढता तिनं फटका मारला. चेंडू थेट आसावरीच्या हातांवर गेला. तिनं तो कसाबसा छातीशी दाबून धरला.

"पास दिलास काय गं तिला?" कोंडाळ्यातल्या शुभदानं विचारलं. सगळ्या हसल्या.

दुसरा फटका सिद्धीनं मुद्दाम हळू मारला. तोही घरंगळत आसावरीच्याच पायाशी गेला. तिसरा तिच्या खांद्यावर बसला. आसावरी खांदा चोळत राहिली. जिला वाचवायचं, तिलाच चेंडू शोधून काढत होता.

"अण्णा, प्लीज, आसावरीला बाजूला करा ना," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी रिकाम्या गोलमध्ये प्रॅक्टिस करते."

"रिकाम्या गोलमध्ये माझी आजीपण मारेल," अण्णा म्हणाले. "सामन्यात कोण बाजूला होणार आहे तुझ्यासाठी? ओरडा गं, अजून जोरात ओरडा."

अण्णांचं चुकायचं ते इथेच. मुलगी घाबरली म्हणजे गोल चुकेल म्हणूनच घाबरली, असं ते धरून चालायचे आणि गोंगाट वाढवायचे. मुलींनी पुन्हा आरडाओरडा सुरू केला. सिद्धीला आता समोर फक्त ती पांढरी पट्टी दिसत होती.

"अण्णा, स्वल्प थांबा," म्हणत आसावरी गोल सोडून पुढे आली. इथल्याच शिवाजीनगरात सात भावंडांत वाढलेली मुलगी, गोंगाटात हळू बोलायची तिला सवय होती. सिद्धीच्या कानाशी लागून ती काहीतरी बोलली आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली.

"ऐदु. नाल्कु."

सिद्धीची भीती गेली नव्हती. पण या वेळी तिनं आसावरीकडे पाहिलंच नाही. डावा खांब जिथे जमिनीला टेकतो, तिथे तिनं डोळे रोवले आणि होती नव्हती ती ताकद लावून फटका मारला. आसावरीनं सूर मारला, पण चेंडू तिच्यापासून हातभर लांबून जाळीत गेला. पुढचाही गेला. त्याच्या पुढचा उजव्या कोपऱ्यात गेला.

मुली ओरडायच्या थांबल्या.

"काय सांगितलंस गं तिला?" अण्णांनी विचारलं. "कोपऱ्यात मारा, कोपऱ्यात मारा म्हणून अकरा वर्षं मी घसा फोडतोय."

आसावरीनं जाळीतला चेंडू काढून सिद्धीकडे ढकलला.

"तेच सांगितलं, अण्णा. माझ्याकडे बघू नकोस, कोपऱ्यात बघ. तिथं मी नसते."