गोरेपणावर उपाय

सांगलीत दोन स्थळांनी नीलाक्षीला रंगावरून नाकारलं होतं. ती शिकायला इंग्लंडला निघाली, तेव्हा आईने बॅगेत बेसन-हळदीचा डबा ठेवला. म्हणाली, "तिथे ऊन कमी, लवकर उजळशील."

तिथली तिची गोरीपान रूममेट एमा बहिणीच्या लग्नासाठी अंगाला सावळं करणारं क्रीम लावत होती. पाठीला हात पोचेना, म्हणून तिने नीलाक्षीला बोलावलं. नीलाक्षीने हातमोजा घालून क्रीम पातळ, एकसारखं पसरलं. कोपरांना कमीच लावलं, नाहीतर तिथे डाग दिसतात.

"अगदी तुझ्यासारखा नैसर्गिक रंग यायला किती वेळ लागेल?" एमाने विचारलं.

"मला नऊ महिने लागले," नीलाक्षी म्हणाली.

एमा हसत सुटली. आपला रंग कुणाला हवाही असू शकतो, ही बातमी नीलाक्षीला सव्विसाव्या वर्षी मिळत होती.