गारठलेलं हसू

आजारपणात ताईच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून तिने कुणाला फोटो काढू दिला नव्हता. फोटोग्राफर असलेली धाकटी मात्र हट्टाला पेटली. हिवाळ्यातल्या एका बोचऱ्या सकाळी तिने ताईला जवळजवळ ओढतच तळ्याकाठी आणलं.

"ढग हलू देत. उजेड नीट आला की काढू," असं म्हणत तिने ताईला शालीत गुंडाळून झाडाच्या आडोशाला बसवलं. स्वतः मात्र मफलर काढून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. नाक लाल झालं, ओठ काळेनिळे पडले, तरी जागची हलेना.

"अगं, गारठून मरशील! माझ्या वाकड्या तोंडाला कशाला हवाय उजेड?"

"थांब गं," धाकटी म्हणाली, पण शब्द धड फुटेना. तेव्हा कुठे तिने टायमर लावला आणि धावत येऊन ताईच्या गालाला गाल लावून बसली. "हास आता!"

फोटोत दोघी हसत होत्या आणि दोघींचीही तोंडं वाकडी आली होती. ताई बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"ढग तर तसेच आहेत. मग इतका वेळ वाट कशाची बघत होतीस?"

"माझ्या तोंडाची."

ताईने शाल उघडून तिला आत ओढलं.

"मग बघतेस काय? दुसरा काढ लवकर, तुझं तोंड सरळ व्हायच्या आत!"