खिडकीतला फुगा

फुगेवाल्याची बायको साध्या खोकल्याचं निमित्त होऊन गेली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला बजावलं, "काका, असले विषाणू तोंडातही दबा धरून बसू शकतात. यापुढे फुगे तोंडाने फुगवू नका."

त्याने पंप आणला. बायकोने फुगवून ठेवलेले फुगे त्याने गुमान फोडले, खिडकीला बांधलेला एक तेवढा ठेवला. तो आक्रसत आक्रसत लिंबाएवढा झाला.

"बाबा, फुगेवाल्याच्या घरात असला सुकलेला फुगा? लोक हसतील," लेक म्हणाली. "थांबा, दोरा सोडून पंपाने दोन दट्टे मारते."

त्याने फुगा तिच्या हातातून अलगद काढून घेतला.



"नको गं, भेसळ होईल. आतली हवा तुझ्या आईची आहे."