मागे राहिलेला मेंढा

व्यापारी मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणात शिरला आणि दरवर्षीप्रमाणे त्याचा हात सगळ्यांत थोराड नर कोकराच्या पाठीवर पडला. "ह्यो काढा, धुळाप्पा."

धुळाप्पाचा होकार ओठांवरच अडकला. सकाळीच मेंढ्यांचे डॉक्टर कोकरं तोलून गेले होते. दरसाल कोकरं लहान का होत चालली, याची तीन कारणं धुळाप्पाकडे तयार होती : पाऊस, चारा आणि भावकीची नजर. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, "यांचा बाप कुठला?"

धुळाप्पाने कडेला उभा असलेला, अरुंद छातीचा फेंगडा मेंढा दाखवला.

"पैदाशीला हाच का ठेवला?"

"ठेवला कुठं? थोराड नर इकून टाकतो. ह्यो कुणी घेतला न्हाई, म्हणून ऱ्हायला."

चुलीपाशी भाकरी थापणारी बायको तेव्हा खुदकन हसली होती. "पोरीला स्थळ बघताना सात गावं पालथी घातली. हितं मातूर जो कुणालाच नगं, तो आमचा जावई!"

"आवो, काढताय न्हवं?" व्यापाऱ्याने घाई केली.

धुळाप्पाने कोकराच्या पाठीवरचा व्यापाऱ्याचा हात हलकेच बाजूला केला. "ह्यो ऱ्हाणार पैदाशीला. त्याच्या बापाला न्या."

फेंगड्याकडे बघून व्यापाऱ्याने नाक मुरडलं. "असला कोण घेतंय, पाव्हणं?"

"का? माझ्या शंभर मेंढ्यांनी तीन वरसं गोड मानून घेतला की!"