लाडकी जोडी

"हे कॅमेरे तुमचे नाहीत," दुरुस्तीवाला म्हणाला.

"नाहीत," बाई म्हणाली.

इतक्या सरळ उत्तराने तो जरा गडबडला. टेबलावर सहा कॅमेरे आणि नऊ लेन्स होत्या. बाईने ते सगळं जुन्या टॉवेलांत गुंडाळून बाजाराच्या पिशवीतून आणलं होतं. साठी ओलांडलेली, साधी, नीटनेटकी बाई. पण कॅमेरा धरायची रीत तिला ठाऊक नव्हती. भांडं उचलावं तसा ती तो दोन्ही हातांनी उचलत होती.

तिला काही दुरुस्त करून नको होतं, काही विकायचंही नव्हतं. यातला सगळ्यात लाडका कॅमेरा कुठला आणि त्यावर कुठली लेन्स लावलेली असायची, तेवढंच तिला हवं होतं. मालकालाच का विचारत नाही, असं त्याने विचारलं, तर मालक घरी आहेत, पण त्यांना विचारून उपयोग नाही, एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

दुरुस्तीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. मागे एकदा असंच गोड बोलून कुणीतरी त्याच्याकडे चोरीची लेन्स ठेवून गेलं होतं. तेव्हा दोन दिवस चौकीत बसावं लागलं होतं. तेव्हापासून चोरीला गेलेल्या सामानाची यादी तो काचेखाली ठेवायचा. त्याने एकेक नंबर ताडून पाहिला. यादीत एकही नव्हता. पण चोरी अजून मालकाच्याच लक्षात आली नसेल, तर यादीत येणार कशी?

तरी हाताला सवय होती, म्हणून तो बघू लागला. एका काळ्या कॅमेऱ्याच्या कडा झिजून आतलं पितळ दिसत होतं. त्याच्या तोंडाशी, लेन्स बसते तिथे, एक स्क्रू बदललेला होता आणि त्याचं डोकं केसभर वर आलं होतं. म्हणजे यावर जी लेन्स चढेल तिच्या पाठीवर ओरखडा उमटणार. त्याने नऊही लेन्स उलट्या केल्या. एकीच्या पाठीवर खोल, जुना, काळवंडलेला ओरखडा होता. वर्षानुवर्षांचा. पण आणखी चारींवर तसेच ओरखडे होते, पुसट आणि अगदी ताजे.

"या लेन्स कुणीतरी नुकत्याच चढवून पाहिल्यात," तो म्हणाला.

"मीच," बाई म्हणाली. "रोज एक."

आता मात्र त्याला राहवेना. त्याने ती खोल ओरखड्याची लेन्स काळ्या कॅमेऱ्यावर चढवली. ती खट्‌कन बसली. जोडी हीच, पण ती मी मालकांच्याच हातात देईन, घर दाखवा, असं त्याने सांगितलं. बाई कारणं सांगेल, अशी त्याची खात्री होती. तिने बाकीचं सामान टॉवेलांत गुंडाळलं आणि ती जिना उतरायला लागली. वाटेत एकदाच बोलली. ते माझ्याबद्दल वाईटसाईट बोलतील, तुम्ही वाद घालू नका.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दाराला बाहेरून कुलूप होतं.

बाईने किल्ली काढली. दुरुस्तीवाल्याने खिशातल्या फोनवर हात ठेवला. आत खुर्चीत एक म्हातारा बसला होता. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दुरुस्तीवाल्याला पाहताच तो उठून उभा राहिला.

"बरं झालं आलात. ही बाई माझा कॅमेरा चोरून रोज भलताच आणून देते. मला इथे कोंडून ठेवते."

दुरुस्तीवाला सरकून दारात उभा राहिला. बाई निसटू नये म्हणून. फोन बाहेर काढून त्याने चौकीचा नंबर शोधायला घेतला. बाई त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, दमलेल्या माणसासारख्या.

"एकोणचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी त्यांच्या डोक्यातून पुसली गेले. ते दोनदा घराबाहेर पडले आणि परतीची वाट सापडली नाही, म्हणून कुलूप लावते. दिवसभर कॅमेरा मागतात. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यांच्या कपाटाला कधी हात लावला नाही. कुठला द्यायचा ते मला कळत नाही."

दुरुस्तीवाल्याने फोन खिशात टाकून कॅमेरा पुढे केला.

म्हाताऱ्याने तो संशयानेच घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग डावा तळवा आपोआप लेन्सखाली गेला आणि कोपरं छातीशी आली. नंतर त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खोलीभर फिरवत बाईंवर आणून थांबवला.

"खिडकीकडे वळा जरा," तो म्हणाला. आवाजातली तक्रार गेली होती. "हनुवटी थोडी खाली. हां. घाबरायचं काही नाही."

बाई खिडकीकडे वळल्या. डोळे भरून आले होते, पण त्या हलल्या नाहीत.

म्हातारा लेन्सची कडी फिरवत राहिला. मग कॅमेऱ्यावरून डोळा न काढताच त्याने दुरुस्तीवाल्याला बोटाने जवळ बोलावलं. कुणा जुन्या मदतनिसाशी बोलावं तसा तो कुजबुजला.

"यांना आत्ताच काही सांगू नकोस हं. मी लग्न करीन तर यांच्याशीच."