टेकाडावरचा नळ

सकाळी सात वाजता शहराच्या रेडिओवर जाहिरातीऐवजी थेट भावगीत लागलं, तसा नगरसेवक वामन खैरमोड्यांचा चहाचा कप हातातच राहिला. नऊ वर्षं रोज याच वेळी त्यांचाच आवाज गर्जायचा, "टेकाडावर घरोघरी नळाला पाणी आणणार!" निवडणुकीत दिलेलं आश्वासन पुरं होईपर्यंत त्याची जाहिरात बंद करायला कायद्यानं मनाई होती, आणि पाणी आल्याचं नळांवरचे सेन्सर परस्पर रेडिओला कळवणार होते.

तेवढ्यात शेजारच्या कांचनवहिनी रिकामी कळशी घेऊन तणतणत आल्या. "भाऊजी, तुमचा आवाज आला की मी टँकरवर जाते. आज तुम्ही बोललाच नाहीत, टँकर गेला ना!"

खैरमोड्यांनी ती कळशी मोरीतल्या नळाखाली ठेवली आणि तोटी फिरवली.

कळशी भरून वाहू लागली. वहिनींनी तोटी बंद करून ती कमरेवर घेतली. मग म्हणाल्या, "हे बरं झालं. पण आता सात वाजलेले कळायचे कसे?"