आतला होकार

कंधारच्या अण्णारावांच्या घरात व्हायोलिन घडवायचं काम आजोबांपासूनचं, आणि एक रीतही तेव्हापासूनचीच. घडवणाऱ्याचा कान आपल्याच वस्तूवर भाळलेला असतो, म्हणून नव्या व्हायोलिनचा सूर स्वयंपाकघरातल्या माणसानं ऐकायचा. हातातल्या कामाच्या नादातही त्याच्या तोंडून आपसूक होकाराचं "हाव" निघालं, तरच ते व्हायोलिन उंबऱ्याबाहेर जायचं. आधी हे "हाव" आईचं असे, मग बायकोचं, तारामतीचं. ती वारल्यापासून तयार व्हायोलिनं खुंटीवरच लटकून होती.

आपलं व्हायोलिन न्यायला नांदेडहून रेणुका आज पुन्हा आली. "काका, झालंय की हे! आता काय राहिलंय?"

"जरासं राहिलंय, माय."

"बरं, बसा तुम्ही. चहा मी टाकते."

ती आत गेली, भांडी वाजू लागली. अण्णारावांनी लगबगीनं व्हायोलिन उतरवलं, स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि सगळा जीव ओतून गज ओढला. सूर घरभर फिरला. त्यांनी श्वास रोखून धरला.



"काका, साखर कुठं हाय?" आतून आवाज आला, आणि अण्णारावांनी व्हायोलिन पुन्हा खुंटीला अडकवलं.